हलका डबा मीच निवडला

त्या जळगावच्या दुकानदाराला तोंड नव्हतं का? गिऱ्हाईक चुकतंय तर सांगायला नको? नुसता हसला अन् बिल फाडलं.

आज माझ्या पोरीला, पूनमला, गेम खेळायचा कॉम्प्युटर जोडायचं सामान घ्यायला आम्ही दोघी यावलहून जळगावला गेलो होतो. पैसे बेताचे, म्हणून तिने एकेक वस्तू वहीत लिहून आणलेली. शेवटी वीज पुरवणारा डबा राहिला, पॉवर सप्लाय म्हणतात तो. दुकानदाराने एकाच भावाचे दोन पुढे ठेवले. मी दोन्ही हातात तोलले अन् म्हटलं, "हलका द्या. भरताचं वांगं हलकंच घ्यावं, बिया कमी निघतात."

पूनम म्हणाली, "आई म्हणते तोच द्या."

घरी येऊन वही पाहिली, तर जड डब्याच्या नावाखाली, हाच घ्यायचा म्हणून, दोन रेघा मारलेल्या. विचारलं, "तिथे काहून बोलली नाही?"

"तो तुला हसला ना. मी पण नाही म्हटलं असतं, तर तुला कसं वाटलं असतं?"

घरी भाजीच्या मिठावरून माझ्याशी भांडते ही पोर.

आता म्हणते, चालेल हाच. मला चालेल नको, चांगला पाहिजे. खोकं अजून फोडलं नाही, शनिवारपर्यंत बदलून मिळतं. बदलावा लागला तर माझं चुकलं हे मी स्वतः त्याला सांगेन, हसू दे.

कॉम्प्युटरवाल्या भावांनो, बहिणींनो, हलक्या डब्याने तिचं बाकीचं सामान जळेल का? गोल गोल बोलू नका. शुक्रवार संध्याकाळपर्यंत हो का नाही ते सांगा.