दिरंगाईचा रकाना

आमच्या ओळीतल्या क्वार्टरांत मॅट्रिक झालेली बाई मी एकटीच, आणि तो तोरा मला होताच. खोटं कशाला बोलू! म्हणून मुंबईचे एक अर्थशास्त्राचे प्राध्यापक भिलाईत आले आणि घरोघर प्रश्न विचारायला त्यांना मराठी बाई हवी झाली, तेव्हा नवऱ्याने पोलादाच्या प्लांटमधून आल्या आल्या, चहाच्याही आधी, तीच बातमी दिली. काम महिनाभराचं होतं. जमलं तर पुढे वर्षभर. मला ते वर्ष इतकं हवं होतं की त्या आठवड्यात वरणात दोनदा मीठ पडलं.

प्राध्यापकांचं म्हणणं सोपं होतं. नुसत्या भट्ट्या पेटवून देश वाढत नाही. नवी वस्तू आली की लोक ती किती लवकर हाती धरतात, त्यावर वाढ ठरते. तर वस्तू घरात आल्यापासून वापरात येईपर्यंत किती दिवस गेले, ते मी लिहायचं. कागदावर त्या रकान्याचं नाव होतं ‘दिरंगाई’. आमच्याकडे पहिली नवी वस्तू म्हणजे क्वार्टरात बांधून दिलेली, धुराडं असलेली सिमेंटची चूल.

सगळ्या बाया आमच्याच, नागपूर-भंडाऱ्याकडच्या. “नवी चूल वापरता का वो?” “हो तं! पहिल्याच दिवसापासून.” चहा प्यायचा, रकान्यात शून्य घालायचं, पुढचं घर. प्राध्यापक तर हरखूनच गेले. इतके पुढारलेले लोक त्यांनी कुठे पाहिलेच नव्हते म्हणे.

मग एका सकाळी ते म्हणाले, “चला, मलाही एकदा बघू द्या.” गेलो. आणि बघतो तर काय, प्रत्येक क्वार्टरच्या मागच्या अंगणातून धूर! आत एकीच्या सिमेंटच्या चुलीवर तांदळाचा डबा, दुसरीच्या चुलीवर ट्रंक. तिसरीने तर बुद्धाची तसबीर ठेवून पुढे फुलं वाहिली होती, कारण घरात तेवढी कोरी, स्वच्छ जागा दुसरी नव्हती.

माझा पारा चढला. “कावून खोटं सांगितलं वो मले?”

“बाप्पा! दारात आलेल्या माणसाले नाही म्हणाव काय?” शेजारीण उलट माझ्यावरच डाफरली. “चहा पेऊन गेली, तवा नाही विचारलं!”

आणि मी तरी कुठली खरी! आमच्या घरचा कागद मी स्वतः भरला होता. त्यावरही शून्यच होतं.

प्राध्यापकांनी माझ्या हातातले कागद घेऊन पिशवीत कोंबले. “बाई, हे सगळे कागद बाद,” ते म्हणाले. वर्ष गेलं! मग म्हणाले, “आता तुमचं घर दाखवा.”

मागच्या अंगणात सासूबाई तीन दगडांवर मडकं पालथं घालून लांब पोळ्या करून राहिल्या होत्या. सैल कणीक दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत लांबवायची आणि मडक्यावर अलगद टाकायची. प्राध्यापक पाहतच राहिले. नवी चूल का नको, असं त्यांनी विचारलं.

“तिचं तोंड एवढुसं,” सासूबाई म्हणाल्या. “माहं मडकं बसते कुठं तिच्यावर? बांधणाऱ्यानं आमची पोळी पाह्यलीच नाही. बसा भाऊ, खा आधी.”

त्यांनी चार पोळ्या खाल्ल्या. सासूबाई मग सरळच विचारत्या झाल्या, “आता सांगा, सुनेचं काम राह्यलं का गेलं?” मी तिथेच मरून गेले! प्राध्यापक हसले आणि हात धुवायला अंगणातल्या नळाशी गेले. नळ सोडता सोडता त्यांनी विचारलं, “आजी, आणि ह्या नळाची सवय व्हायला किती दिवस लागले?”

सासूबाईंनी कणकेचे हात पदराला पुसले. गावात आमच्या लोकांना विहिरीवर चढायची बंदी होती. त्या घागर घेऊन खाली उभ्या राहायच्या, आणि कोणाला दया आली तर ते वरून पाणी ओतायचे. भिलाईत आल्या त्या दिवशी त्यांनी हा नळ दहादा उघडला, दहादा बंद केला, दोनदा आंघोळ केली आणि ओल्या लुगड्याने सगळ्या ओळीत सांगत फिरल्या. काय हसलो होतो आम्ही!

“दिवस?” त्या म्हणाल्या. “आमी तं कवाचेच तयार होतो, भाऊ. उशीर नळाले झाला.”

प्राध्यापकांनी नळ बंद केला, पिशवीतून एक कोरा कागद काढला आणि पेनासकट माझ्या हातात दिला. “लिहा,” म्हणाले. “आणि उद्यापासून वर्षभर, बाई, प्रत्येक घरी मागच्या दाराने जायचं.”

आनंदाने माझं अक्षर वाकडं आलं. वस्तू: नळ. दिरंगाई कोणाची: नळाची.