अर्धा टक्का की पाव

भूल देणाऱ्या डॉक्टरला कोणी लक्षात ठेवत नाही. ऑपरेशन चांगलं झालं की पेढे हाडांच्या डॉक्टरला, आणि पेशंटला उलटी झाली की बोलावणं मला. पंचवीस वर्षं नागपुरात हेच चाललंय आणि याचा मला राग येतो, हे मी कधी लपवलेलं नाही. म्हणूनच मी माझ्यापुरता एक तोरा बाळगला होता. माझ्या पेशंटला ऑपरेशननंतरची पहिली रात्र दुखत नाही, असा. दुसऱ्या कुणी म्हटलं नाही तर मीच म्हणून टाकायचे.

हाताचं ऑपरेशन असलं की मी पूर्ण भूल देत नाही. कॉलरबोनच्या वर, हाताकडे जाणाऱ्या नसा जिथे एकत्र येतात, तिथे सुईनं औषध सोडते. माणूस जागा राहतो, हात तेवढा झोपतो. औषध किती कडक द्यायचं ते मी ठरवते. अर्धा टक्का दिलं की हात ओंडक्यासारखा पडून राहतो, बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत. तेच औषध सलाईन घालून पाव टक्का केलं की हात लवकर जागा होतो, पण दुखणंही लवकर जागं होतं. मी अर्धाच द्यायचे. वर औषध जास्त वेळ टिकावं म्हणून त्यात आणखी एक इंजेक्शन मिसळायचे. हाडांचे डॉक्टर मला चिडवायचे, "तुमच्या पेशंटचे हात तिसऱ्या दिवशी उठतात." मी म्हणायचे, "उठतात ना? मग झालं."

ही गोष्ट मी लिहिते आहे ती शेवट बरा झाला म्हणून. नसता झाला तर माझी हिंमत नव्हती.

गेल्या हिवाळ्यात, ऐन लग्नसराईच्या तोंडावर, सक्करदऱ्याकडच्या एका छोट्या हॉस्पिटलात ती बाई आली. पन्नाशी ओलांडलेली, काटक, बोलायला फटकळ. ती आणि तिची जाऊ मिळून लग्नाकार्यात लांब रोट्या करून द्यायच्या. पालथ्या मटक्यावरची, दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत लांबवलेली ती रोटी आम्ही नागपूरकरांनी लहानपणापासून खाल्लेली. पण ती करणारीचे हात कसे असतात, हे मी कधी पाहिलं नव्हतं. बाई कणीक आपटायच्या जागी सांडलेल्या पाण्यावरून घसरली होती. उजव्या हातावर पडली आणि मनगटाजवळचं हाड मोडलं. आत धातूची पट्टी बसवायची होती.

सकाळी तपासायला गेले तर तिनंच मला प्रश्न विचारले.

"म्याडम, हात किती वेळ झोपून राहीन?"

"उद्या सकाळपर्यंत."

"बाप्पा! इतका वेळ कायले? दुखलं त दुखू द्या. पण हात माह्यापाशी पायजे." तिनं डाव्या हाताची बोटं उलटी करून मला दाखवली. "मटका किती तापला ते मले इथं समजते. कमी तापला त रोटी चिकटते, जास्त तापला त जळते. पाणी शिंपडून पाहाले येळ कोणापाशी असते? जराशी बोटं लावली का समजलं. बोटंच मुकी झाली त माह्या काय उपेग? थोडं पातळ द्या न औषध."

"हो हो," मी म्हणाले. "उद्याचा चहा याच हातानं प्याल, ताई."

हाडांचे डॉक्टरही म्हणाले, "तासाभराचं काम आहे. पाव टक्क्यात भागेल." मी त्यांना ऐकवलं, "दुखलं की फोन मला येतो, तुम्हाला नाही." आणि सिरिंजमध्ये अर्धा टक्काच भरला. सलाईनची बाटली हाताशीच होती. तिला हातसुद्धा लावला नाही.

ऑपरेशन छान झालं. सोनोग्राफीच्या पडद्यावर नसा स्वच्छ दिसत होत्या, सुई जिथे हवी तिथे होती. बाई पूर्ण वेळ जागी होती आणि हिरव्या पडद्यापलीकडच्या डॉक्टरांना "हळू ठोका, मोडकाच हात हाय तो" असं बजावत होती. आम्ही हसत होतो. रात्र शांत गेली. सकाळी आठ वाजता मी कौतुक करून घ्यायला वॉर्डात गेले.

बाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. जाऊ चहाची किटली हातात घेऊन उभी होती, आणि मला पाहताच तिचा तोल सुटला.

"पाहा म्याडम, काय करून ठेवलं इनं! गरम किटली लावली न बोटाले! मी म्हणलं, काहून वं असं करतं, त म्हणते, जित्ते हायत का पाहून राहिली."

प्लास्टरच्या बाहेर आलेल्या मधल्या दोन बोटांच्या पाठीवर पाणी भरलेले फोड होते. मटक्याला लावतात तशी तिनं ती बोटं डाव्या हातानं उचलून किटलीला लावली होती, आणि काहीच कळेना म्हणून लावूनच ठेवली होती.

"गरम का थंडी, काहीच नाही समजलं," बाई भिंतीकडेच बघत म्हणाली.

मला आधी राग आला. जावेचा आला, किटली तिथे ठेवणाऱ्यांचा आला, नर्सचा आला. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला मी निघाले होते. फोडांवर मलम लावता लावता खरं काय ते मला मान्य करावं लागलं. हात झोळीत ठेवा, उशीवर ठेवा, हे सगळं मी सांगितलं होतं. गरम वस्तूपासून जपा, हे सांगितलंच नव्हतं. आणि जिची बोटं हेच तिचं थर्मामीटर, तिला ते सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. चूक माझी होती.

हाडांच्या डॉक्टरांनी येऊन प्लास्टरवरचं बँडेज सैल केलं. नखं गुलाबी, नाडी नीट, हाताला सूज बेताची. "औषधच आहे, उतरेल," ते म्हणाले. चिडवलं मात्र नाही, आणि त्यानंच मी जास्त घाबरले.

त्या दिवशी हिंगण्याच्या रस्त्यावर दुसऱ्या हॉस्पिटलात माझ्या तीन केसेस होत्या. प्रत्येक केसनंतर मी वॉर्डात फोन लावला. दहा वाजता बोटं हलत नव्हती. बारा वाजता नाही. दोन वाजताही नाही. चोवीस तास कधीच उलटून गेले होते. कधीकधी दीड दिवसही लागतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी डोक्यात सोनोग्राफीचा तोच पडदा पुन्हा पुन्हा चालू होत होता. सुई नसेच्या बाहेरच होती ना? नसेला टोचली तर नव्हती? आणि टोचली असेल तर त्या बाईनं उद्यापासून काय करायचं? डबा उघडला आणि तसाच बंद केला.

पावणेचारला परत सक्करदऱ्याला पोचले. बाईच्या पलंगावर बसले आणि आयुष्यात कुठल्याही पेशंटला सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

"ताई, तुम्ही पातळ मागितलं होतं. मी कडक दिलं."

ती भिंतीकडून माझ्याकडे वळली.

"मंग तवा हो हो काहून म्हणलं?"

तुमचं म्हणणं मी ऐकलंच नव्हतं, हे कसं सांगणार? मी स्पिरिटचा बोळा घेतला आणि तिच्या बोटांवरून फिरवायला लागले. गार लागतंय का? नाही. इथे? नाही. अंगठा? नाही. जाऊ दाराशी तोंडाला पदर लावून उभी होती. मी पुन्हा करंगळीपासून सुरुवात केली.

"थांबा," बाई म्हणाली.

मी थांबले.

"आग," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "आग होऊन राहिली."

"कुठे?"

"फोडावर! आग होऊन राहिली वं बाई! लय आग होऊन राहिली!"

म्याडम-बिडम सगळं विसरून तिनं डाव्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं. मधलं बोट जरासं थरथरलं, मग त्याच्या शेजारचं. जाऊ "हाललं, हाललं" ओरडत डॉक्टरांना सांगायला धावली. वॉर्डातले बाकीचे पेशंट उठून बसले. आणि मी, पंचवीस वर्षं लोकांच्या वेदना घालवत आलेली बाई, एका बाईला आग होतेय म्हणून रडत होते. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. त्याआधी मी तो वाक्प्रचार नुसता वापरत होते.

तासाभरात पाचही बोटं जागी झाली. स्पिरिट गार लागलं, टाचणी टोचली, अंगठा उभा राहिला. "आता किटली आणा," बाई म्हणाली, तर मी किटली उचलून थेट नर्सच्या टेबलावर नेऊन ठेवली. ती खुदकन हसली. हसता हसताच मनगट छातीशी धरून ओठ चावायला लागली. औषध पूर्ण उतरलं होतं. आता मोडलेलं हाड दुखायला लागलं होतं.

मी इंजेक्शनचा ट्रे मागवला. हात सवयीनं सिरिंजकडे गेला होता. तो मी मागे घेतला.

"ताई, दुखणं थोडं कमी होईल इतकंच देऊ, की झोप लागेल असं देऊ? झोपेचं दिलं तरी बोटं जागीच राहतील."

बाईनं घामेजल्या चेहऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मग उशीवर डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

"आता इचारलं न तुमी," ती म्हणाली. "मंग द्या तुमच्या मनानं."