मुठीचं माप

अमेरिकेत कॅरीला मुलाकडे आलो तो बायको गेल्यावर. गावात एकटे काय करणार, असं मुलगा म्हणाला. इथेही एकटाच. सगळे ऑफिसात, मी तळ्याकाठी.

तिथे एक जपानी म्हातारा यायचा, माझ्याच वयाचा. होडीच्या मागच्या टोकाला उभं राहून एकच लांब वल्हं पाण्यात डावीउजवीकडे घुसळायचा, की होडी पुढे. त्याला ते 'रो' म्हणतात. मी खाडीकाठचा सुतार, जन्म वल्ही करण्यात गेला, पण असलं पाहिलं नव्हतं. हा सारखं नवं करून आणायचा. कधी पातं रुंद, कधी अरुंद, कधी मधला बाक जास्त. बायकोला हलकं जावं म्हणून सगळा खटाटोप. ती इवलीशी बाई पाच मिनिटं चालवायची, लाल झालेले तळहात दाखवायची आणि नवऱ्याला फाडफाड बोलायची. तो खाली मान घालून हसायचा.

माझा जळफळाट व्हायचा. कामात तो मला वरचढ नव्हता, रंध्याचे ओरखडे लांबून दिसायचे. पण त्याच्या कामाला नावं ठेवायला बायको होती. माझीनेही चाळीस वर्षं माझ्या प्रत्येक वल्ह्याला नावं ठेवली. 'तुझं बरोबर आहे' असं मी एकदाही म्हटलं नाही.

ठरवलं, याच्याहून सरस रो करायचा.

"बाबा, गराजमध्ये भुसा नको ना, घरभर येतो," मुलगा म्हणाला.

"मग दार लावून घे."

तीन आठवडे लागले. रविवारी मुलाला घेऊन तळ्यावर गेलो. म्हाताऱ्याने माझं वल्हं होडीला लावलं आणि दोन हेलकाव्यांत ते त्याच्या हातातून सुटलं. हसत इंग्रजीत काहीतरी बोलला.

"मूठ फार बारीक झालीय म्हणतात," मुलाने सांगितलं.

पाहिलं तर खरंच. आमच्याकडे होडी माझी बायकोच चालवायची, माणसं पलीकडे न्यायची. मूठ तासायची ती तिच्या पंजाच्या मापाने. हात सवयीने तिथवर गेला होता, माणूस राहिलं नाही हे त्याला कोण सांगणार?

त्याच्या म्हातारीने वल्हं ओढून घेतलं. तळ्याच्या पार टोकाला गेली, वळली, परत आली. तळहात पाहिले. लाल नव्हते. नवऱ्याला एक शब्द बोलली नाही. दोन वर्षं तो पात्याशीच झटत होता. त्याचं तोंड उतरलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

म्हातारी माझ्यासमोर वाकली.

"बाबा, त्यांना हवंय. द्या ना. आपण काय करणार त्याचं?"

"चुलीत घालीन. देणार नाही."

"बाबा!"

"तुझ्या आईचं आहे ते."

मुलाने वल्हं उचलून गाडीवर बांधलं.

चार दिवसांनी म्हातारा दारात उभा. हातात दोऱ्याचं रीळ. मूठ धरल्याची खूण केली. मी वल्हं आणलं, पण पातं सोडलं नाही. त्याने माप घ्यायला मुठीला दोरा गुंडाळला, तेवढाच कापला.

"अंगठ्याखाली जरा चपटी आहे," मी मराठीतच बोललो आणि त्याचा अंगठा तिथे टेकवला. त्याने मान हलवली.

बाहेर गाडीत त्याची बायको हॉर्नवर हॉर्न वाजवत होती. तो धावला. मी दार लावून घेतलं.