गुडघा भरायचा तेव्हा

माझा स्वभाव तापट आहे, हे तलासरीच्या आमच्या शाळेतलं पहिलीचं पोरही सांगेल. रक्त न गोठण्याचा आजार जन्मापासूनचा. मार लागला नाही तरी सांध्याच्या आत रक्त उतरतं, माझ्या बाबतीत बहुतेक डाव्या गुडघ्यात. गुडघा भरला की रक्त गोठवणाऱ्या फॅक्टरच्या इंजेक्शनसाठी हॉस्पिटल गाठायचं. बायको धाकटी डहाणू गावची, मासळी विकते. मी नुसतं कण्हलो तरी टोपली बहिणीच्या हवाली करून माझ्याबरोबर एसटीत बसणार. या सगळ्याचा मला वीट आला होता. तिच्या धावपळीचाही. म्हणून मी सांगणंच सोडलं. दिवसभर फळ्यापाशी उभं राहायचं आणि घरी आलं की दार लोटून मासळीच्या खोक्यातला बर्फ गुडघ्यावर धरायचा.

शेवटी पाय सरळच होईना, तेव्हा मुंबईला गेलो. डॉक्टर म्हणाले, सांध्याचं आतलं अस्तर सुजलंय, तेच पुन्हा पुन्हा रक्त सोडतंय. चिरफाड करायची नाही. सुईने सांध्यात औषध सोडायचं, अस्तर सुकतं, माणूस त्याच दिवशी घरी. पण वारंवार रक्त उतरत असेल तरच हा उपाय. सहा महिन्यांत किती वेळा झालं, त्यांनी विचारलं.

बायको शेजारीच बसली होती. घरी मी दोनदाच कबूल केलं होतं. खरं सांगावं तर तिच्यादेखत खोटा पडतो, नाही सांगावं तर उपाय हातचा जातो. खरं बोला म्हणून पोरांपुढे घसा फोडणारा मी मास्तर, आणि खुशाल म्हणालो, दोनदा. डॉक्टर म्हणाले, मग इतक्यात नको.

"सात वेळा," बायको म्हणाली.

मग तिने सांगायला घेतलं. पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढून काढल्या त्या आठवड्यात, कैनाडच्या लग्नाहून आलो तेव्हा, बोर्डीच्या ट्रेनिंगनंतर तर लागोपाठ दोनदा. तुम्हाला कसं कळलं, डॉक्टरांनी विचारलं. ती म्हणाली, एरवी कालवणात मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेतात, गुडघा भरला की गोड बोलतात. डॉक्टर हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुई झाली. निघताना डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे दाखवला. रक्त बहुतेक थांबेल, पण हाडांमधली गादी झिजलीये, गुडघा आता पूर्वीसारखा वाकणार नाही. दोन वर्षं आधी यायला हवं होतं.

दोन दिवस पाय हलवायचा नव्हता. घरी पडल्या पडल्या मी तिच्यावर डाफरलो, कळत होतं तर बोलली का नाहीस?

ती पाठमोरी बोंबील निवडत होती. "तुम्ही एवढं जिवापाड लपवत होतात," ती म्हणाली. "म्हटलं, मला कळत नाही एवढं तरी सुख असू दे तुम्हाला."

तिच्यावर रागवायचंही त्राण उरलं नव्हतं. दोघांनी मिळून, एकमेकांना जपत जपत, आम्ही तो गुडघा घालवला होता. ती उठली आणि हात धुवायला मोरीकडे गेली.