माठाच्या वाफ्यावर फिनेल

मी आठवीत असताना आम्हाला विज्ञानाला नव्या बाई आल्या. महाडच्या आमच्या शाळेत तोवर विज्ञान म्हणजे फळ्यावरची आकृती वहीत उतरवणं. या बाईंना मात्र प्रयोग करून दाखवायची हौस होती. दिवाळीची सुट्टी संपल्यावर त्यांनी आम्हाला आपापल्या घरची माती डब्यात भरून आणायला सांगितली. मांजरपाटाच्या कोऱ्या कापडाचे सारखे तुकडे कापून प्रत्येकाला एकेक दिला, तो मातीत पुरायला लावला आणि डबे खिडकीखाली ओळीनं मांडले. माती सुकू नये म्हणून रोज थोडं पाणी शिंपडायचं, एवढंच आमचं काम.

आमचं घर पोलादपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला, बौद्धवाडीत. वडील एका कंपनीत कामाला होते आणि आई घरामागच्या वाफ्यांत भाजी लावायची. पावसाळ्यात काकडी आणि दोडकी, थंडीत मुळा आणि लाल माठ. घरात पुरून उरेल ती पाटीत घालून महाडच्या बाजारात विकायची. शेण, चुलीतली राख, कुजका पाला, भाज्यांची देठं, सगळं ती वाफ्यात जिरवायची. मी डबा भरला तो माठाच्या वाफ्यातल्या मातीनं. काळी, भुसभुशीत माती होती ती. शाळेत चांगलीच माती न्यावी असं मला वाटलं होतं.

महिनाभरानं बाईंनी एकेक डबा टेबलावर उपडा केला. एका डॉक्टरांच्या मुलीनं बंगल्यातल्या कुंडीची माती आणली होती. तिचा तुकडा जवळजवळ तसाच निघाला, झटकला की पांढरा. कुणाच्या कापडाला भोकं पडली होती, कुणाचं पिवळं झालं होतं. माझा डबा उपडा केला तर कापडच दिसेना. बाईंनी बोटांनी माती चाळली, तेव्हा काही काळपट धागे हाताला लागले आणि तेही तुटले.

बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "बघा, हिच्या मातीत सूक्ष्मजीव सगळ्यांत जास्त!"

तेवढ्यात घंटा झाली. "बाकीचं उद्या सांगते," म्हणून बाई गेल्या.

मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "सूक्ष्मजीव म्हणजे जंतू रे!" दुसरा म्हणाला, "हिच्या घरात कपडे पण टिकत नसतील." वर्ग हसला. मीही थोडी हसले, काय करावं ते न कळून. मग माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीनं आपली पाण्याची बाटली आमच्या दोघींच्या मधून उचलली आणि पलीकडे ठेवली. रोज आम्ही त्याच बाटलीतलं पाणी प्यायचो.

चवदार तळ्याचं पाणी आपल्या माणसांनी कसं ओंजळीत घेतलं, हे घरात ऐकत मी मोठी झाले होते. त्या गोष्टीत आपली माणसं ताठ चालतात. मी मात्र त्या दिवशी खाली मान घालून घरी आले आणि मोरीत बसून नखांतली माती काथ्यानं घासत राहिले.

दुसऱ्या दिवशी बाई आल्याच नाहीत. त्यांना प्रशिक्षणासाठी अलिबागला जावं लागलं होतं. त्यामुळे "बाकीचं" तसंच राहिलं आणि वर्गात "जंतू" हे माझं नाव पडलं.

आई बाजारात गेली होती त्या दुपारी मी पडवीतली फिनेलची बाटली काढली. पावसाळ्यात साप घराशी येऊ नयेत म्हणून शिंपडायला आणलेली होती. ती बादलीभर पाण्यात ओतली आणि पांढरंधोप पाणी माठाच्या सगळ्या वाफ्यावर फिरवलं. दवाखान्यासारखा वास सुटला तेव्हा मला बरं वाटलं. थोड्या वेळानं मातीतून गांडुळं वर यायला लागली. वळवळत वर येऊन तिथंच पडत होती. मी घरात जाऊन दार लावून घेतलं.

आईला लांबूनच वास आला. पाटी डोक्यावर तशीच घेऊन ती वाफ्याकडे गेली.

"काय ओतलंस गो ह्यात?"

"फिनेल."

"कशाला?"

मी म्हटलं, "घाण आहे ती माती. जंतू आहेत."

आईनं पाटी खाली ठेवली. माझ्यावर हात उचलला नाही की आवाज चढवला नाही. तिनं वाफ्यातला सगळा माठ उपटला आणि लांब नेऊन टाकला, कुणाची शेळी खाईल म्हणून वर काटे ठेवले.

बाई परतल्या आणि राहिलेलं त्यांनी सांगितलं. मातीतले जिवाणू आणि बुरशी मेलेला पाला, शेण, कापड खातात. त्यांनी खाल्लं की त्यातून झाडाला अन्न मिळतं. ते नसते तर जंगलातला पाला वर्षानुवर्षं तसाच पडून राहिला असता. थोडे आजार करणारे असतात, पण बहुतेक आपलं काम करत असतात. पहिल्या सरींनंतर मातीला वास येतो तोही त्यांच्यामुळेच. "म्हणून हिची माती आपल्या वर्गातली सगळ्यांत जिवंत माती," बाई म्हणाल्या. "तू त्याच जागेची आणखी डबाभर माती आण. शाळेमागं वाफा करू, त्यात मिसळू."

सगळे माझ्याकडे बघत होते आणि कुणी हसत नव्हतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "आई देणार नाही. आईनं नाही म्हटलंय."

का म्हटलं ते मला आजही धड सांगता येत नाही. फिनेल ओतलं हे सांगायला तोंड नव्हतं, म्हणून आईला पुढं केलं.

बाईंना ते खरं वाटलं. आईची समजूत घालावी म्हणून रविवारी त्या चालत आमच्या वाडीत आल्या. मी त्यांना दारात पाहिलं आणि आत भिंतीशी जाऊन उभी राहिले. आईनं त्यांना खुर्ची दिली, चहा टाकला.

बाई म्हणाल्या, "डबाभर मातीच मागितली होती हो. तुम्ही नाही म्हणालात म्हणे?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहत होते.

"व्हय, मीच नाय म्हटलं," आई म्हणाली. "त्या वाफ्यात साप निघाला व्हता. मी फिनेल शिंपडलंय. ती माती कशी देऊ?"

बाई वाफ्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. हळहळल्या, पण आईला बोल लावला नाही. म्हणाल्या, "पावसात धुऊन जाईल बहुतेक. मग चांगल्या वाफ्यातली माती आणि शेणखत घाला, विरजण लावतो तसं. पुन्हा होईल जिवंत." जाताना आईनं त्यांना मुळ्याच्या वाफ्यातली माती दिली, वर चार मुळेही दिले.

बाई गेल्यावर मी वाट बघत राहिले, आता आई बोलेल. तिनं कपबशा विसळल्या. मग पाठमोरीच विचारलं, "पोरं हसली व्हती का गो?"

"हो."

"मग येऊन मला सांगायचं व्हतं."

तिला सांगायची मला लाज वाटली होती, आणि लाज तिची, तिच्या मातीचीच वाटली होती, हे तिला कसं सांगणार?

मार्चमध्ये तळ्यावर लोक येतात तेव्हा आमच्याकडे मुंबईचे पाहुणे उतरतात. आई मार्चच्या हिशेबानं माठ धरायची आणि पंगतीला तोच असायचा. त्या वर्षी आम्ही दोघी रिकामी पाटी घेऊन बाजारात गेलो. आई जिच्या शेजारी रोज बसायची, त्याच बाईकडून तिनं माठाच्या जुड्या घेतल्या.

ती बाई हसली. "काय गो, तू आणि इकत घेतंस?"

"पाव्हनं लय येतात," आई म्हणाली, "घरचा पुरत नाय."

पाटी मी डोक्यावर घेतली. वाटेत बाकावर माझ्या शेजारी बसणारी ती मुलगी तिच्या वडिलांबरोबर दिसली. तिनं हात केला. मी पाटी सावरायचं निमित्त करून खाली बघितलं आणि आईच्या मागून चालत राहिले.