नगरसेवकाच्या ओसरीवरचा खर्रा

सक्करदऱ्याच्या आमच्या शाळेच्या फाटकाला खेटून एक पानठेला होता. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. सुपारी, तंबाखू अन् चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा मधल्या सुट्टीत सातवीतली पोरंसुद्धा घेत. संध्याकाळी त्याच ठेल्यावर माझे बाबा उभे असत. खर्ऱ्यानं त्यांचं तोंड आखडत चाललं होतं, पोळीचा घास चुरून घ्यावा लागे. ठेला हलला तर बाबा सुटतील, असं माझं भाबडं गणित. ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.

मराठीच्या बाईंनी आम्हा नववीच्या पोरींना हाताशी धरलं. "नुसतं तंबाखू वाईट, तंबाखू वाईट म्हणून काय होते? ज्याच्या हातात आहे, त्याच्याकडून करवून घ्या." ठेला हलवा म्हणून नगरसेवकाकडे जायचं ठरलं. मग काय, रोज तालीम! बाई स्वतःच नगरसेवक व्हायच्या. खांद्यावर टॉवेल टाकून, खुर्चीत रेलून म्हणायच्या, "पाहू बेटा, पाहू." आम्ही ओरडायचं, "केव्हा पाहता, भाऊसाहेब?" हसून हसून आमची पोटं दुखायची. मागणी एकाच वाक्यात करायची, हा बाईंचा नेम. बडबडीपायी वर्गाबाहेर सगळ्यात जास्त उभी राहिलेली मी, म्हणून बोलायला निवडलं मलाच. अशी फुशारले, की विचारू नका!

जायच्या दिवशी सोबत कोणी मोठं माणूस हवं होतं. बाबांना गिरणीची सुट्टी होती. इस्त्रीचा शर्ट घालून ते आधीच तयार. "माही पोरगी बोलून राहिली, अन् मी नाही येत काय?"

नगरसेवकाच्या ओसरीवर सतरंजीवर आम्ही दाटीवाटीनं बसलो. मी एका दमात म्हटलं, "भाऊसाहेब, शाळेच्या फाटकाजवळचा ठेला हलवा."

"पाहू बेटा, पाहू."

अगदी बाईंसारखंच! हसू दाबत सगळ्या पोरी एका सुरात ओरडल्या, "केव्हा?"

ते दचकले, मग हसले. "बाप्पा रे! बरं, येत्या सोमवारी हलवतो." आणि पुढं त्यांनी तो हलवलाही.

आमच्याकडे चांगलं काही झालं, की माणसाचा हात आपोआप खिशातल्या पुडीकडे जातो. बाबा तर आनंदानं फुलून गेले होते. त्यांनी पुडी सोडली अन् पुढं केली. "घ्या भाऊसाहेब! त्याच ठेल्यावरचा आहे, एकदम ताजा!"

नगरसेवकांचाही हात सवयीनं पुढं आला. मग त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि तो मागं घेतला. "नाही गा काकाजी. या पोरी मले फाडून खातील."

बाबा ओशाळले. काय करावं सुचेना, म्हणून चिमूट स्वतःच्याच तोंडात टाकली. झालं! ओसरी हसून लोळली. बाईंनी पदर तोंडात कोंबला, तरी त्या गदगदा हलत होत्या.

परत येताना बाबा सायकल हातात धरून माझ्यासोबत चालत होते. म्हणाले, "साऱ्या हासल्या. तू काहून नाही हासली वं?"

"त्यांनी हात मागं घेतला, बाबा. तुम्ही नाही घेतला."

बाबा थांबले. नालीत थुंकले. खिशातली पुडी काढून त्यांनी माझ्या मुठीत कोंबली. "धर. उद्या मी मागीन. देऊ नको."

दुसऱ्या दिवशी चहाच्याही आधी मागितली. आधी लाडानं, मग ओरडून, मग अंगणभर माझ्यामागं धावून. आई दारात उभी राहून हसत होती, धावता धावता बाबाही हसायला लागले, अन् मला हसता हसता रडू फुटलं. पुडी मी दिली नाही.