ताईंचा सव्वीस किलोंचा ॲम्प्लिफायर

लाकडाच्या वखारीपर्यंत येईतो बाबागाडीचं पुढचं चाक तीनदा निखळलं होतं, आणि तिन्ही वेळा ताईंनी ते पर्समधल्या पान्यानं परत बसवलं होतं. अजून निम्मी वाट बाकी होती. वहिनीनं गाडी ढकलायची आणि ताईंनी पुढे चालून खड्डे दाखवायचे, अशी कामाची वाटणी झाली होती. गाडीत जुन्या शालीत गुंडाळून ॲम्प्लिफायर निजवला होता.

वखारीच्या दारात एक म्हातारी उभी होती. गाडी दिसताच तिचा चेहरा फुलला. ती वाकली आणि शालीचं टोक उचलत म्हणाली, "अगं बाई! कितीचं गं बाळ?"

"सव्वीस किलोंचं," ताई म्हणाल्या.

शालीखालून दोन रुपेरी बटणं आणि एक भलंमोठं गोल चक्र बघून म्हातारीनं हात असा मागे घेतला की जणू चटका बसला. वहिनीला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून ती चार पावलं तशीच चालली. एरवी अशा वेळी ताईंनी त्यावर आणखी दोन फोडण्या घातल्या असत्या. आज त्या गंमत करून मोकळ्या झाल्या, पण हसल्या नाहीत. वहिनीच्या तेव्हाच मनात आलं, पाणी कुठेतरी मुरतंय.

ताई म्हणजे वहिनीची नणंद. नवऱ्याची मोठी बहीण, लग्न न केलेली, आणि घरातली समोरची खोली त्यांची. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा शेजारणींनी तिला घाबरवून ठेवलं होतं, की बिनलग्नाची नणंद म्हणजे उशाखाली विंचू. एकोणीस वर्षं झाली, विंचू काही चावला नाही. नावानं हाक मारायचा हक्क असून ताई तिला वहिनीच म्हणत. भांडण झालंच तर भावाशी, तेही पंख्याच्या रेग्युलेटरवरून.

ताई गणवेश शिवायच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करत. एकशे साठ मशिनं आणि त्यांना एक मेकॅनिक. शिवणाऱ्या बायका त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत, आणि ते काही उगाच नव्हतं. मशीन टाके गाळायला लागलं की ताई पेचकसाचं टोक मशीनच्या अंगाला टेकवत, मूठ कानामागच्या हाडाला लावत आणि डोळे मिटत. "हिच्या पोटात काही नाही. सुई वाकडी आहे," किंवा "हिला तेल नको, हिला विश्रांती हवी," असं सांगून मोकळ्या होत. शंभरात एखाद्याच वेळी चुकत. कानात घालायचे बोळे कारखान्यानं सगळ्यांना दिले होते, ते ताईंनी कधी घातले नाहीत. डॉक्टरनं कानात बोळे घालून नाडी कशी बघायची, म्हणायच्या.

दिवसभर एवढा खडखडाट ऐकणाऱ्या बाईला घरी आल्यावर शांतता हवी असेल, असं कुणालाही वाटेल. ताईंना गाणं हवं असे. त्याचीही एक गोष्टच आहे. दाढ काढायला त्या दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या, तिथे बाहेरच्या खोलीत रेकॉर्ड लागलेली होती. दाढ निघाली, पण ताईंचा पाय निघेना. पुढच्या महिन्यात त्या पुन्हा गेल्या. मग पुन्हा. चौथ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमचे दात माझ्यापेक्षा चांगले आहेत. तुम्हाला नक्की काय हवंय?"

"हे वाजतं ते काय आहे?" ताईंनी विचारलं.

दोन वर्षांनी डॉक्टरांनी नवा ॲम्प्लिफायर घेतला आणि जुना ताईंना दिला. दिला म्हणजे विकत दिला. त्याच सुमाराला भावानं स्कूटर घेतली होती, आणि दोघांनी किती मोजले हे कळल्यावर भाऊ आठवडाभर जेवताना एकच वाक्य म्हणत होता, "माझी निदान ऑफिसला तरी नेते. तुझा डबा कुठे नेतो?"

"तुला नाही कळायचं," ताई म्हणत आणि भाकर मोडत.

वहिनीला त्यातलं यंत्र कळत नव्हतं, पण खोली आवडे. संध्याकाळी ताई रेकॉर्ड लावत, खुर्चीत बसून डोळे मिटत, आणि वहिनी दाराशी पाट टाकून काजं-बटणं करत बसे. ओठांशी देवाचं नाव चालू असे. गाणं आणि नाम एकमेकांच्या वाटेत कधी आले नाहीत. ताईंची आवडती एक रेकॉर्ड होती, नुसती बासरी आणि पियानो, गाणारं कुणी नाही. ती लागली की वहिनीचा टाका बारीक पडे.

यंत्र पंचवीस वर्षांचं झालं होतं. त्याच्या पोटात वीज साठवून धरणारे लहान-मोठे डबे असतात, ते आतून सुकतात. यंत्र एकदम मरत नाही, थकत जातं. ताईंनी वर्षभर विचार केला आणि मग पलीकडच्या पेठेतल्या दोन चष्मेवाल्यांकडे ते नवे भाग घालायला दिलं. माणूस एकच, पण एक चष्मा डोळ्यांवर, एक कपाळावर, म्हणून त्यांना हे नाव. सगळे डबे नवे, तेही पहिल्यापेक्षा वरच्या दर्जाचे. कळीच्या तारा नव्या. पुसट झालेली बटणं घासून साफ. तीन आठवडे समोरची खोली मुकी होती. मग भावाच्या मित्राच्या गाडीतून यंत्र घरी आलं, ताईंनी स्वतः कपाट पुढे ओढून त्याच्या मागची धूळ पुसली, तारा जोडल्या आणि तीच बासरी लावली.

"झकास!" भाऊ म्हणाला. "आधीपेक्षा मोठ्ठं वाजतंय."

ताईंनी रेकॉर्ड संपायच्या आतच सुई उचलली. दुसऱ्या दिवशीही तसंच. चौथ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून भाचीची जुनी बाबागाडी काढली. भाऊ मित्राला पुन्हा गाडी मागायला तयार नव्हता, आणि रिक्षेतले हादरे यंत्राला सोसणार नाहीत, असं ताईंचं म्हणणं. तेव्हा पायीच.

पेट्रोल पंपाच्या पुढे शाळेची लांब भिंत लागते. भिंतीच्या सावलीत एक कट्टा आहे, तिथे ताई बसल्या. वहिनीनं गाडीच्या चाकाला दगड लावला.

"ताई, एक विचारू? बिघडलंय काय त्याचं?"

"तेच तर सांगता येत नाही." ताईंनी पान्याशी चाळा केला. "ओळखीचं माणूस घरी यावं आणि काहीतरी वेगळं वाटावं. केस कापलेत का, चष्मा बदललाय का, कळत नाही. पण तेच नाही वाटत. तसं झालंय."

"मग ते दुरुस्त करून देतील की."

"बिघडवलं असलं तर देतील." ताईंनी पाना पर्समध्ये टाकला. "भावाला बोलायचं नाही. कारखान्यात मागच्या महिन्यात कान तपासले सगळ्यांचे. खोक्यासारख्या खोलीत बसवतात, कानाला यंत्र लावतात, आणि शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. मी दाबत होते. मग शिट्ट्या थांबल्या. मला वाटलं झालं. काचेतून बघितलं तर बाई लिहीतच होती, लिहीतच होती."

वहिनी गाडीचा दांडा सोडून कट्ट्याजवळ आली.

"म्हणजे शिट्ट्या चालू होत्या," ताई म्हणाल्या. "मला येत नव्हत्या. कागदावर लिहून दिलंय, वरच्या पट्टीतलं थोडं कमी. आता तूच सांग. एकतर त्या माणसानं माझं यंत्र बिघडवलंय, नाहीतर माझे कान गेलेत. कान गेले तर नुसतं गाणं नाही जायचं. एकशे साठ मशिनं काय वास घेऊन दुरुस्त करू? अजून तीन वर्षं आहेत नोकरीची." मग त्या पहिल्यांदा हसल्या. "नाचता येईना अंगण वाकडं, तसं ऐकता येईना ॲम्प्लिफायर वाकडा. तो वाकडाच निघू दे, एवढंच मागणं आहे."

दोघी पुन्हा चालू लागल्या. वहिनीला देवाजवळ काय मागावं ते सुचेना. यंत्र बिघडलेलं निघू दे म्हणावं, तर एका भल्या माणसाच्या कामाला दोष लागावा असं मागितल्यासारखं होतं. न बिघडलेलं निघू दे म्हणावं, तर ताईंच्या कानांचं काय? शेवटी ती म्हणाली, देवा, तुला कळतं, तूच बघ. आणि गाडी ढकलत राहिली.

दोन चष्मेवाल्यांचं दुकान म्हणजे गोदामाच्या मागची एक अरुंद खोली, जमिनीपासून छतापर्यंत रेडिओंची पोटं उघडी. त्यांनी बाबागाडी बघितली, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि म्हणाले, "नावं ठेवायला आणलंत की बारशाला?"

ताईंनी सगळं सांगितलं. कानांचं सोडून. त्यांनी झाकण उघडलं, मीटरच्या सुया एकेका ठिकाणी टेकवल्या, डाव्या बाजूचे आकडे लिहिले, उजव्या बाजूचे लिहिले आणि कागद पुढे केला. दोन्हीकडे तेच आकडे. मग एकेक डबा दिव्याखाली दाखवला. कुठे डाग नाही, फुगवटा नाही.

"बाई, काम मी केलंय म्हणून म्हणत नाही. हे यंत्र नवीन असताना याहून चांगलं नव्हतं. तुम्हाला नेमकं काय ऐकू येत नाही ते सांगा, मी पुन्हा उघडतो."

"नेमकं सांगता येत नाही," ताई म्हणाल्या, आणि तिथल्या स्टुलावर टेकल्या. स्वतःशीच बोलल्यासारखं पुढे म्हणाल्या, "मग माझेच कान."

एवढ्या वर्षांत वहिनीनं ताईंना मशीनपुढे हार मानताना पाहिलं नव्हतं. ती दाराशी उभी होती. हा तिचा प्रांत नव्हता, घरी यंत्राविषयी काही बोललं की नवरा म्हणे, "तू काजं कर." पण आता राहवेना.

"मी मध्ये बोलू का? मला त्यातलं काही कळत नाही."

"बोला की," दोन चष्मेवाले म्हणाले. "कळणारे दोघं बसलेत गप्प."

"बासरीवाला आधी खिडकीकडे बसायचा. आता कपाटाकडे बसतो."

दोघांनी वळून तिच्याकडे बघितलं. वहिनी ओशाळली. "म्हणजे, परत आणल्यापासून. बासरी कपाटाकडून येते आणि पियानो खिडकीकडून. मला वाटलं, नवे भाग घातले म्हणजे हेच करत असतील. जागा बदलून देत असतील."

दोन चष्मेवाले आधी खोकले, मग त्यांच्या खांद्यांना हसू फुटलं. "बाई, घरी तारा कुणी जोडल्या?"

"मीच. नेहमी मीच जोडते."

"कुठे उभ्या राहून?"

ताईंनी डोळे मिटले. दोन्ही हात हवेत उचलले आणि नसलेल्या तारा नसलेल्या भोकांत घालू लागल्या. एरवी त्या पुढून ओणवून, चाचपून जोडत. या वेळी धूळ पुसायला कपाट ओढलं होतं. म्हणून त्या मागे जाऊन उभ्या राहिल्या होत्या, कारखान्यात प्रत्येक मशीनच्या मागे उभ्या राहतात तशा. यंत्रामागची डावी-उजवीची अक्षरं डॉक्टरांच्या काळातच उडालेली. उजव्या हाताला जी तार आली ती पुढून बघता डावी होती, ती उजवी समजून उजवीच्या भोकात घातली. हात हवेत थांबले. एक हात सावकाश कपाळावर आला.

"काखेत कळसा," त्या म्हणाल्या.

"आणि सव्वीस किलोंचा वळसा," दोन चष्मेवाले म्हणाले.

तिथल्या स्पीकरना यंत्र जोडून त्यांनी ताईंनी गाडीत घालून आणलेली बासरीची रेकॉर्ड लावली. आधी बरोबर, मग तारा उलटवून चुकीची, मग पुन्हा बरोबर. तिसऱ्या वेळी ताईंच्या खांद्यांतला ताण उतरला. वहिनीला ते दारातून दिसलं.

"पण मला कसं नाही कळलं?" ताई म्हणाल्या. "हिला कळलं, मला नाही?"

"कळलं की. त्याशिवाय का ढकलत आलात? तुम्ही आवाजाचा पोत तपासत बसलात, नवे डबे कुठे ऐकू येतात ते शोधत बसलात. यांनी फक्त माणूस कुठे बसलाय ते बघितलं." त्यांनी झाकणाचे स्क्रू आवळले आणि सहज म्हटल्यासारखं म्हणाले, "एवढं मात्र सांगतो, माझ्याकडे सगळ्याचे सुटे भाग मिळतात. कानाचा नाही मिळत. कारखान्यात कानांत बोळे घालत जा."

ताईंनी चमकून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर नेला होता.

परतीच्या वाटेवर गाडी तेवढीच जड होती, पण ती आता ताई स्वतः ढकलत होत्या, आणि खड्डे वहिनी दाखवत होती. ताईंची जीभ मोकळी झाली होती. "एकोणीस वर्षं दाराशी बसून कान देत होतीस आणि मला वाटायचं तू देवाचं नाव घेतेस."

"तेही घेत होते. दोन कान दिलेत त्यानं."

ताई मोठ्यांदा हसल्या. वखारीतल्या माणसानं मान वर करून बघितलं. मग हसता हसता त्या थांबल्या आणि गाडीही थांबवली.

"उद्यापासून बोळे घालते. मशिनांना पेचकस लावून हाडानं ऐकता येतं, तेवढ्यावर तीन वर्षं निघतील. पण कागदावर लिहिलंय ते खोटं नाही, वहिनी. आज तार होती. पुढच्या वेळी तार नसेल." त्यांनी शाल नीट केली, पण नजर वहिनीवरच होती. "भाऊ सगळ्याला झकास म्हणतो, त्याचा उपयोग नाही. आता दाराशी नको बसूस, आत येऊन माझ्या शेजारी बस. महिन्यातून एकदा तीच रेकॉर्ड लावू. तुला काय काय ऐकू आलं ते तू सांग, मला काय आलं ते मी सांगते. आणि ज्या दिवशी तुझ्याकडे माझ्यापेक्षा जास्त निघेल ना, त्या दिवशी मायेपोटी लपवू नकोस. तोंडावर सांग. सांगशील?"